एस्टीमचा पिंजरा

“दोन पॉइंट एक,” मी म्हणालो आणि व्हर्नियर मिटला. “अडीच मिलिमीटर जाडी पाहिजे. हा पाइप चालणार नाही.”

बाबालाल मिस्त्रींनी पाइपचं दुसरं टोक धरलं होतं, ते त्यांनी सोडून दिलं. ठणठण वाजत तो पाइप त्यांच्या शेडभर घरंगळला आणि लेथला टेकून थांबला.

“साहेब, पुण्यास्नं मागवलाय. अखंड पाइप हाय, लांबीला कुठं सांधा न्हाई. संगं टेस्टचं सर्टिफिकेट हाय.”

“सर्टिफिकेट काय, कुणीही छापून देतं.”

माझी धाकटी बहीण केतकी ऑइलच्या उपड्या ड्रमवर बसून आमच्याकडे बघत होती. मांडीवर हेल्मेट, हेल्मेटवर नियमांची फाइल.

“दादा, ही चौथी वेळ,” ती म्हणाली. “चौथ्यांदा तू नाही म्हणालास.”

“चार वेळा चुकीचा माल आला, तर चार वेळा नाहीच म्हणणार.”

“आणि पाचव्यांदा?”

मी रुमालानं हात पुसत राहिलो. वैताग आला होता मला. पाइपांचा, मिस्त्रींचा, त्या फाइलीचा, आणि एका जुन्या लाल एस्टीम गाडीच्या पायी आमच्या घरातले सगळे रविवार उद्यमनगरातल्या या शेडमध्ये जाताहेत याचा.

ही दोन हजार अकरा सालची गोष्ट. मी तेव्हा चौतीसचा होतो आणि शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत तपासणी विभाग सांभाळत होतो. माझं कामच माल नाकारायचं. कास्टिंग हातात घ्यायचं, मोजायचं, खडूनं फुली मारायची. माझी फुली पडली की मालकसुद्धा वाद घालत नसत. केतकी माझ्याहून दहा वर्षांनी लहान. बाबा गेल्यानंतर तिच्या कॉलेजच्या फॉर्मवर पालक म्हणून माझीच सही असायची. शिक्षण झालं, नोकरी लागली आणि पहिल्या पगारापासून ती गो-कार्टच्या ट्रॅकवर जायला लागली. तिथं तिनं मुलांनाही मागं टाकलं. मग तिला खऱ्या गाडीची रेस चालवायची होती. गडहिंग्लजच्या एका डॉक्टरांची बारा वर्षं वापरलेली एस्टीम तिनं घेतली, कारण बजेटमध्ये तेवढीच बसत होती.

अशा गाडीला ट्रॅकवर न्यायचं तर आत रोल केज लागतो. गाडी उलटली तर छत चेपून आतला माणूस चिरडू नये म्हणून पोलादी पाइपांचा सांगाडा. बाबालाल मिस्त्री त्याला पिंजरा म्हणायचे, म्हणून आम्हीही पिंजराच म्हणायला लागलो.

“केज तू निवड दादा,” केतकीच म्हणाली होती. “तुझ्याइतकं बारीक कोण बघणार?”

आणि मी बघितलं. पहिल्या तीन वेळा माझं काहीच चुकलं नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन.

पहिला पिंजरा बेळगावच्या एका दुकानदाराकडचा, बोल्टनं बसवायचा, तयार. फोनवर मी त्याला तीनदा विचारलं, “एस्टीमलाच बसेल ना?”

“बसतोय की सर.”

“मापं पाठवता का?”

“मापं कशाला सर? सगळ्या गाड्यांना बसतोय.”

आला तो जीपचा निघाला. एस्टीमच्या छतापेक्षा चार बोटं उंच. त्याला फोन केला तर म्हणतो, “छताला भोक पाडून बघा की सर.” मी कपाळाला हात लावला.

दुसरा पुण्याहून आला, एका भंगारात निघालेल्या रॅलीच्या गाडीतून काढलेला. सुंदर आकाशी रंग. केतकी त्याच्यावरून हात फिरवत म्हणाली, “हा घेऊया दादा, याच्यात रेस झालेली आहे.” मी ब्लेडनं रंग खरवडला. खाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली. ती उकरली तर पाइप मधोमध कापून पुन्हा जोडलेला. तिचा चेहरा उतरला. पण तिनं मान हलवली आणि तो परत पाठवला.

तिसरा इथल्याच गांधीनगरच्या जीप सजवणाऱ्याचा. आरशासारखा चकचकीत.

“चमक बघा साहेब, तोंड दिसतंय.”

“हा कशाचा पाइप आहे?”

“स्टीलचा.”

“अहो, कशासाठी बनवलेला?”

तो म्हणाला, “जिन्याच्या कठड्याला वापरत्यात. पर लई मजबूत.”

तेव्हा मी हात टेकले. केतकीच बाबालाल मिस्त्रींकडे घेऊन गेली. साठीचे, बुटके, कानावर कायम खडूचा तुकडा. उसाच्या ट्रॉल्या बनवणं हा त्यांचा धंदा, पण कार्टच्या चासी दुरुस्त करायलाही पोरं त्यांच्याकडेच जायची. नियमांचं पुस्तक इंग्रजीत. केतकी एकेक ओळ मराठीत सांगायची आणि मिस्त्री शेडच्या फरशीवर खडूनं खऱ्या मापात रेघ ओढायचे. ड्रायव्हरच्या पाठीमागची मुख्य कमान, तिच्यातला तिरका पाइप, पुढच्या काचेच्या कडेनं खाली येणारे दोन पाय, दाराला आडवे पाइप. दोन रविवारांत अख्खी गाडी फरशीवर उमटली. येणारेजाणारे तिला वळसा घालून चालायचे.

मग पुण्याहून पाइप आला, आणि मी त्याला फुली मारली.

नवा पाइप यायला तीन आठवडे लागले. तोवर डिसेंबरच्या रेसची नाव नोंदवायची तारीख निघून गेली. मला वाटलं केतकी चिडेल, भांडेल. ती नुसती रेस बघायला म्हणून रात्रभर बसनं प्रवास करून गेली आणि तिसऱ्या दिवशी परत आली. जाताना मी तिला डबा बांधून दिला होता. येताना तो धुऊन पुसून आणला होता तिनं.

पाचव्या खेपेचा पाइप मी मोजला, अडीच मिलिमीटर म्हणालो. मिस्त्रींनी काम सुरू केलं, आणि मग मात्र मी त्यांच्या नाकी नऊ आणले. एका वाकणावर पाइप किंचित चपटा झाला होता. नियमात बसत होता, तरी मी तो बदलायला लावला. जोड तपासायला फौंड्रीतून लाल औषध नेलं. ते फवारलं की केसाएवढी चीरसुद्धा लाल रेघ होऊन दिसते. बेचाळीस जोड, एकातही रेघ नाही. मी म्हणालो, मग छताला अजून एक तिरका पाइप टाका. टाकला. दाराला दोन आडवे आहेत, चार करा. केले. पुढच्या पायांना आधार द्या. दिला.

“साहेब, गाडी पळवायची हाय का तिनं रान कोळपायचं?” मिस्त्री एकदा म्हणाले. “ह्यो सांगाडाच आता तुमच्या बहिणीपेक्षा जड झाला.”

“वजनानं कुणी मरत नाही.”

केतकीनं वेल्डिंगच्या काचेआडून माझ्याकडे बघितलं. “फेब्रुवारीची तारीख वीस दिवसांवर आली आहे, दादा.”

“घाईत केलेलं काम मला चालत नाही.”

“घाई?” ती हसली, पण त्या हसण्यात काही गोड नव्हतं. “मी जातो, भजी आणतो.” आमच्या कोल्हापुरात मुलीसुद्धा ‘मी जातो, मी येतो’ असंच बोलतात, चिडली की तिचं ते जरा जास्तच ठसक्यात यायचं.

ती गेल्यावर मिस्त्रींनी हातमोजे काढले. “साहेब, जरा आत बसून बघा.”

“मी कशाला?”

“बसा तर.”

चार आडव्या पाइपांवरून पाय टाकून मी आत जायला लागलो. आधी गुडघा अडकला, मग खांदा. कसाबसा सीटमध्ये पडलो. मिस्त्रींनी केतकीचं हेल्मेट माझ्या डोक्यात कोंबलं, पट्टे आवळले. मान वळवली की हेल्मेट माझ्याच हट्टानं घातलेल्या तिरक्या पाइपवर टक्कन वाजत होतं. आत स्वतःचाच श्वास ऐकू येत होता.

“आता असं समजा,” मिस्त्री खिडकीशी वाकून म्हणाले, “गाडी पेटली. भायेर या. पुस्तकात सात सेकंद दिल्यात. पोरीनंच वाचून दावलंय.”

मी पट्टे सोडले. दारातून निघायला गेलो. सर्वांत वरचा पाइप छातीला लागत होता, खालून जावं तर हेल्मेट जात नव्हतं. पाय बाहेर काढला तर पाठ अडकली. डोकं काढलं तर गुडघा स्टिअरिंगखाली अडकला. मिस्त्री मोठ्यानं आकडे मोजत होते. विसाव्या आकड्याला मला घाम फुटला. तिसाव्याला मी आत थडाथड लाथा मारत होतो.

“एकेचाळीस,” मिस्त्री म्हणाले आणि काखेत हात घालून त्यांनी मला बाहेर ओढलं.

मी फरशीवर बसलो. त्यांनी पाण्याचा तांब्या दिला. मी प्यायलो.

“तुमी घातलेला एकेक पाइप तिला आत धरून ठेवाय लागलाय,” ते म्हणाले. “वरचे दोन कापायला लागतील.”

“कापा.”

“कापतो. पर त्याच्या आधी एक बोलायचं हाय.” त्यांनी शेडच्या कोपऱ्याकडे हात केला. “त्यो चौथा पाइप. तुमी फुली मारलेला. परवा ट्रॉलीच्या कामाला काढला. कापला, मोजला. माझ्या व्हर्नियरनं मोजला. इश्वास बसंना म्हणून शेजारच्या टूलरूममधला आणून मोजला. अडीच भरतोय साहेब. दोन्ही टोकाला, मधी, सगळीकडं अडीच.”

मी तांब्या खाली ठेवला. “माझा व्हर्नियर बिघडला असेल त्या दिवशी.”

“मग पाचवा पाइप त्याच व्हर्नियरनं अडीच कसा भरला?”

बाहेर कुणीतरी ग्राइंडर चालवत होतं. तो थांबू नये असं मला वाटलं. आवाज थांबला.

“मी तवा मोजाय पायजे हुता,” मिस्त्री म्हणाले. “पर कंपनीचं साहेब मोजत्यात, आपण कशाला मधी आपलं माप लावा, असं म्हटलं. साहेब, तुमास्नी पोरीला गाडी चालवू द्यायची न्हाई ना? मग तसं तोंडानं सांगा की. माझ्या पाइपाला कशापायी खोटं पाडता?”

व्हर्नियरवर मी त्या दिवशी अडीच वाचलं होतं. स्पष्ट वाचलं होतं. तोंडातून दोन पॉइंट एक कसं आलं, हे मी कित्येकदा आठवून बघितलं आहे. काही ठरवून गेलो नव्हतो. आकडा दिसला, आणि हा पाइप चांगला आहे, म्हणजे आता ही जाणार, एवढंच डोक्यात आलं.

“केतकीला सांगितलंत?” मी विचारलं.

“मी न्हाई सांगणार. मोजलं तुमी, सांगायचं पण तुमीच.”

ती भज्यांचा पुडा घेऊन आली तेव्हा मी अजून फरशीवरच होतो. “काय झालं? पडलास का?” तिनं पुडा ठेवला आणि माझ्याशेजारी उकिडवी बसली. तिच्या आवाजात इतकी काळजी होती, की नंतर सांगू असं वाटलं. मिस्त्री पाठमोरे होऊन ग्राइंडरची चकती बदलत होते. ती चकती बदलायला काही इतका वेळ लागत नाही.

मी सांगितलं. तो पाइप चांगला होता. मी खोटं बोललो.

तिला आधी कळलंच नाही. “म्हणजे चुकून वाचलंस?”

“नाही.”

“मग?”

“गेल्या वर्षी कार्टच्या ट्रॅकवर तू टायरांवर आदळलीस. तुला आठवत नसेल. तू हात वर करेपर्यंत मी कठड्याजवळ उभा राहून मोजत होतो. अकरापर्यंत मोजलं. तेवढा वेळ तू हलली नव्हतीस.”

“मला सगळं आठवतंय,” ती म्हणाली. “श्वास कोंडला होता. टायरांचा वाससुद्धा आठवतोय. पुढच्या रविवारी पुन्हा गेलो तेव्हा मला हेल्मेटचा पट्टा लावता येईना. तुला काय वाटलं, भीती तुला एकट्यालाच वाटते?”

“मला सांगायचं होतंस.”

“तू सांगितलंस?”

मी भज्यांचा पुडा उगाच पलीकडे सरकवला.

“डिसेंबरची रेस मी कुंपणाबाहेर उभा राहून बघितली,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, तोच मला ऐकवेना. “सगळ्यांना सांगत होतो, आमचा पाइप खराब निघाला. दादानं पकडला म्हणून बरं, असं सांगत होतो. आणि तू मला डबा दिलास बरोबर. धपाटे.”

ती उठली. मिस्त्रींजवळ गेली. “चाचा, वरचे दोन पाइप काढा. छताचा जादा तिरकापण काढा. पुस्तकात आहे तेवढंच ठेवा. मी आत बसतो, तुम्ही सेकंद मोजा.”

“बरं, पोरी.”

मी फाइलीतला दाखला काढला. गाडी नियमाप्रमाणे बनवली आहे, असं लिहून खाली इंजिनिअरची सही लागायची. “मी सही करतो,” म्हणालो.

तिनं माझ्या हातातून कागद घेतला. “तुझी सही नको मला.”

टूलरूममधल्या माहुलीकर नावाच्या म्हाताऱ्या इंजिनिअरनी पाइप न पाइप मोजून सही केली. केतकी साडेपाच सेकंदांत बाहेर यायला लागली. हे मला मिस्त्रींकडून कळलं. घरात ती माझ्याशी मीठ दे, गॅस बंद कर, एवढंच बोलायची. आई विचारायची, “तुमचं काय बिनसलंय?” दोघंही म्हणायचो, “काही नाही.” फेब्रुवारीत गाडी ट्रेलरवर चढली. बरोबर बाबालाल मिस्त्री गेले. मला कुणी ये म्हणालं नाही, आणि मीही विचारलं नाही.

रेसच्या दिवशी मी फौंड्रीत होतो. सकाळपासून तीन कास्टिंगना फुली मारली आणि तिन्ही पुन्हा मोजली. साडेअकराला फोन वाजला. केतकी.

“पुढच्या चाकांचे स्टड तू बदलले होतेस,” नमस्कार-चमत्कार काही नाही. “नट किती आवळायचे? इथं मोजून आवळायचा टॉर्क रेंच आहे, आकडा सांग.”

“पंच्याऐंशी. न्यूटन-मीटर.”

“नक्की?”

“नक्की.”

 मागं इंजिनांचा आवाज येत होता. “मॅन्युअलमध्ये बघून सांग.”

“केतकी, मला पाठ आहे. पंच्याऐंशीच.”

“मॅन्युअल कुठं आहे?”

“घरी.”

“मग घरी जा. माझी रेस दोनला आहे.”

शिफ्ट अर्ध्यात टाकून मी निघालो. हायवेला ट्रकची रांग, पंचगंगेच्या पुलावर एक ट्रॅक्टर बंद पडलेला, त्याच्यामागं सगळं कोल्हापूर हॉर्न वाजवत उभं. मीही वाजवला. स्वतःशीच मोठमोठ्यानं म्हणत होतो, पंच्याऐंशीच आहे ते, पंच्याऐंशीच. घरात बूट घालूनच शिरलो. कपाटातून मॅन्युअल काढलं, पान शोधलं आणि फोन लावला.

“पंच्याऐंशी,” मी धापा टाकत म्हणालो.

“कितवं पान?”

मी पान सांगितलं.

“ओळ वाचून दाखव.”

मी वाचली.

“वरची पण वाच.”

वाचली.

“खालची.”

तीही वाचली. त्या ओळीत ब्रेकच्या कॅलिपरचा बोल्ट होता, त्याचा चाकाच्या नटांशी काही संबंध नव्हता. पलीकडून ती कुणालातरी म्हणाली, “चाचा, पंच्याऐंशी,” आणि रेंचची कटकट ऐकू आली. एक, दोन, तीन, चार. मग दुसरं चाक.

त्या दिवशी ती चौदा गाड्यांत नववी आली. पुढं पाच वर्षं ती गाडी तिनं चालवली, दोनदा पहिल्या तिघांत आली आणि पिंजऱ्याला साधा ओरखडाही पडला नाही. हल्ली ती मला पुष्कळ गोष्टी विचारते. सांगितलं की ‘बरं’ म्हणते आणि मग कुठंतरी जाऊन तपासून घेते. मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे तिलाही माहीत आहे. पण तेव्हा यातलं सगळंच अजून व्हायचं होतं.

“ठेवतो,” केतकी म्हणाली.

“सांभाळून,” असं मी म्हणायच्या आत फोन बंद झाला होता.

आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. मी भर दुपारी घरात, पायात बूट, हातात मॅन्युअल.

“काय रे? केतकीचा होता ना फोन? जिंकली का?”

“नाही आई,” मी म्हणालो. “अजून सुरू व्हायची आहे.”